बॅलारॅटच्या बायका आणि एक सही

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मेलबर्नला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. लग्न होऊन ती तिकडे गेली त्याला नऊ वर्षे झाली. इतक्या वर्षांत तिच्या घरी जाण्याचा हा पहिलाच योग. बॅगेत आईने जुन्या साड्यांची शिवलेली गोधडी होती, भाचीसाठी दोन फ्रॉक होते, आणि सगळ्यांत तळाला एक प्लॅस्टिकची फाईल होती. फाईलमध्ये हक्कसोडपत्राचा मसुदा होता. अब्बांच्या इंतकालाला दीड वर्ष झाले. घर आणि कलमांची बाग दोघा भावांच्या नावावर करायची, म्हणून आम्हा बहिणींच्या सह्या हव्या होत्या. आम्ही आमची सही कधीच देऊन मोकळे झालो होतो. राहिली होती धाकटीची. तिने तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन कागद पुरा करायचा, एवढेच काम. भावाने निघताना पुन्हा बजावले होते, “विसरू नका हां, आपा.”

पहिले आठ दिवस ती फाईल बॅगेतून बाहेर निघालीच नाही. का, ते आम्हालाही नीट सांगता आले नसते. मग मेव्हण्यांना दोन दिवस सुट्टी मिळाली आणि ते म्हणाले, “तुम्ही दोघंही शिक्षक. चला, तुम्हाला बॅलारॅट दाखवतो. या देशाचा इतिहास तिथे सुरू होतो असं इथली माणसं म्हणतात.”

बॅलारॅट मेलबर्नच्या पश्चिमेला, सुमारे 115 किलोमीटरवर. रस्ता गुळगुळीत, दोन्ही बाजूंना गवताळ माळ, मेंढ्या आणि निलगिरीची झाडे. आपल्याकडे मे महिन्यात अंगाची काहिली होते. तिकडे मोसम उलटा. गाव उंचावर असल्याने वारा असा बोचरा, की गाडीतून उतरताच आम्ही आईची गोधडीच अंगाभोवती गुंडाळून घेतली. भाचीला हसू आवरेना.

1851 सालच्या ऑगस्टमध्ये इथल्या ओढ्याकाठी सोने सापडले. त्याच वर्षी 1 जुलैला व्हिक्टोरिया ही इंग्रजांची वेगळी वसाहत झाली होती. तिची तेव्हाची लोकसंख्या सुमारे 77 हजार. दहा वर्षांनी, 1861 मध्ये, ती जवळजवळ 5 लाख 40 हजार झाली. इंग्लंड, आयर्लंड, स्कॉटलंड, जर्मनी, अमेरिका, चीन, जिथे जिथे बातमी पोहोचली तिथून माणसे निघाली. आपण इतिहासाच्या पुस्तकात “लोक सोन्याच्या शोधात गेले” असे वाचतो, तेव्हा डोळ्यांसमोर दाढीवाला, फावडे घेतलेला पुरुषच उभा राहतो. आम्हीही तीच प्रतिमा मनात घेऊन गेलो होतो.

बॅलारॅटला ‘सॉव्हरिन हिल’ नावाचे एक मोठे उघडे संग्रहालय आहे. 1970 मध्ये ते सुरू झाले. 1850 च्या दशकातले अख्खे गावच तिथे पुन्हा उभे केले आहे: लाकडी दुकाने, टपाल कचेरी, लोहारशाळा, घोडागाड्या, लाल डगल्यातले शिपाई. ओढ्याच्या पाण्यात पसरट पत्र्याची घमेली हलवत माणसे वाळू चाळतात, आणि खरोखरच सोन्याचा एखादा कण सापडला तर घरी नेतात. भाचीने तासभर वाळू चाळली. तिळापेक्षाही बारीक असा एक चमकता कण मिळाला. तो बाटलीत घालून तिने दहा वेळा आम्हाला दाखवला.

आमचे लक्ष मात्र दुसरीकडेच लागले होते. रस्त्यावरून मुलामुलींची रांग चालली होती. मुलींच्या डोक्याला बॉनेट, अंगात लांब झगे आणि पुढे पांढरे एप्रन. आम्हाला आधी वाटले नाटक आहे. विचारले तेव्हा कळले, या खऱ्या शाळेतल्या खऱ्या मुली आहेत. इथे शाळांच्या मुलांना दोन दिवस त्या काळचे कपडे घालून, त्या काळच्या वर्गात बसून, पाटीवर नाहीतर टाकाने लिहून शिकता येते. वर्गाच्या दाराशी आम्ही बराच वेळ उभे राहिलो. इतिहास असाही शिकवता येतो, आणि आम्ही मात्र सनावळ्या पाठ करून घेतो, असे वाटून थोडी लाजही वाटली.

तिथेच आम्हाला आमच्याच पेशाची एक बाई भेटली. भेटली म्हणजे तिची हकिकत समजली. तिचे नाव अनास्तासिया हेज.

ती आयर्लंडची. 1840 च्या दशकात तिथे बटाट्याचे पीक कुजले, भीषण दुष्काळ पडला, लाखो माणसे मेली आणि लाखोंनी देश सोडला. 1852 मध्ये अनास्तासिया, तिचा नवरा टिमोथी आणि लेकरे या मुलखात आली. त्या काळी विलायतेहून शिडाच्या जहाजाने इकडे यायला तीन ते चार महिने लागत. खालच्या वर्गातल्या प्रवाशांना जहाजाच्या पोटात, एकाला एक लागून फळ्यांचे बिछाने मिळत. त्या अंधारात बायकांची बाळंतपणे होत, आणि जी बाळे जगत नसत त्यांना समुद्रातच सोडावे लागे. कितीतरी आयांनी असे मूल पाण्याला देऊन, डोळे पुसून, पुढे या किनाऱ्यावर पाय ठेवला असेल.

किनाऱ्यावर उतरल्यावरही संपत नसे. बॅलारॅटपर्यंत रेल्वे आली ती 1862 मध्ये. आधी बैलगाडी नाहीतर पायपीट, चिखल, आणि रात्री झाडाखाली मुक्काम. गरीब कुटुंबांचे हे हाल पाहून कॅरोलाइन चिझम नावाच्या बाईंनी 1850 च्या दशकात खाणींकडे जाणाऱ्या रस्त्यावर ठिकठिकाणी निवाऱ्याच्या शेड बांधून घेतल्या. या बाई त्याआधी काही वर्षे मद्रासला राहिल्या होत्या आणि तिथेही त्यांनी शिपायांच्या मुलींसाठी शाळा काढली होती.

आणि मग खाणीवरचे घर म्हणजे काय? कापडाचा तंबू. जमीन ओली, चूल उघड्यावर. हजारो खड्ड्यांतून उपसलेल्या मातीने ओढा पिवळा झालेला, आणि त्याच ओढ्याचे पाणी प्यायला, धुवायला, सगळ्याला. हगवण आणि विषमज्वर घरोघर. तान्ही मुले पटापट जात. बॅलारॅटच्या जुन्या कब्रस्तानातून आम्ही फिरलो, तेव्हा एकेका दगडावर तीन-तीन, चार-चार लेकरांची नावे होती आणि वये महिन्यांत लिहिलेली होती. धाकटी एका दगडापाशी थांबली. तिचेही पहिले बाळ पोटातच गेले होते. तेव्हा आमच्यापैकी कुणीही तिच्याजवळ नव्हते. फोनवर नुसते “सब्र कर” म्हणालो होतो. आम्ही काही बोललो नाही. मूकपणे दुआ केली आणि पुढे निघालो.

या तंबूंतल्या बायका करत काय होत्या? जे बायका सगळीकडे करतात ते, आणि त्याशिवाय आणखी पुष्कळ. एकट्या पुरुषांचे कपडे धुणे, शिवणे, पाव भाजणे, खानावळ चालवणे, बाळंतपणे करणे. पुष्कळ जणी चोरून दारू विकायच्या, हेही खरे; सरकारने खाणींवर दारूविक्रीला बंदी घातली होती आणि त्यामुळेच त्यात पैसा होता. कुणी नवऱ्याच्या बरोबरीने खड्ड्यातली माती ओढायची. मार्था क्लेंडिनिंग नावाची एक डॉक्टरची बायको 1853 मध्ये बहिणीला बरोबर घेऊन आली. नवरे सोने शोधायला, आणि या दोघी बहिणींनी तंबूत दुकान मांडले. चहा, साखर, मेणबत्त्या, पुढे तान्ह्या बाळांचे कपडे. सोने मिळेल की नाही याचा भरवसा नव्हता. चहा-साखर मात्र रोज लागणारच, हा हिशेब त्यांनी बरोबर ओळखला होता. नवऱ्याच्या खड्ड्यापेक्षा बायकोचे दुकान जास्त भरवशाचे, असे कितीतरी तंबूंत होते.

सोने सापडण्यातही बायका होत्या. बेंडिगो हे इथले दुसरे मोठे सोन्याचे गाव. तिथे 1851 मध्ये मार्गारेट केनेडी आणि ज्युलिया फॅरेल या दोन विवाहित बायकांनी पहिल्यांदा सोने पाहिले, असे तिथे सांगितले जाते. पुढे 1890 मध्ये संसदेची समिती बसली तेव्हा “पहिला मीच” म्हणणारे कितीतरी पुरुष पुढे आले.

आता पुन्हा अनास्तासियाकडे वळू. ती बॅलारॅटला सेंट अॅलिपियस नावाच्या कॅथलिक शाळेत शिकवायची. तो काळ असंतोषाचा होता. सोने सापडो वा न सापडो, प्रत्येक खाणकामगाराला लायसन्ससाठी पैसे भरावेच लागत. पोलीस अचानक धाड घालत, कागद नसला की माणसाला साखळीने झाडाला बांधून ठेवत. मत देण्याचा हक्क तर नव्हताच. शेवटी 29 नोव्हेंबर 1854 रोजी बेकरी हिल नावाच्या टेकाडावर हजारो माणसे जमली. सभेचा अध्यक्ष होता अनास्तासियाचा नवरा टिमोथी. तिथे एक नवा झेंडा फडकला: निळ्या कापडावर पांढरा क्रूस आणि पाच पांढरे तारे.

तो झेंडा बॅलारॅटमध्ये आजही आहे. युरेका सेंटरमध्ये मंद उजेडाच्या खोलीत, काचेआड. मूळ झेंडा चार मीटर लांब होता. त्याचे तुकडे लोकांनी आठवण म्हणून कापून नेले, त्यामुळे एक बाजू फाटकी आहे. ज्या बायकांनी तो शिवला असे परंपरेने सांगतात, त्यांत अनास्तासिया हेजचे नाव आहे. बरोबर अनास्तासिया विदर्स आणि अॅन ड्यूक. आम्ही काचेला नाक लावून टाके पाहिले. भाची म्हणाली, “नानीच्या गोधडीसारखे आहेत.” पोर बरोबर बोलली. सभेत भाषणे पुरुषांनी केली, शपथ पुरुषांनी घेतली. पण ज्या कापडाखाली शपथ घेतली त्याचा टाकान् टाका बायकांच्या हातचा.

3 डिसेंबर 1854 च्या पहाटे सैन्याने कामगारांच्या कुंपणावर हल्ला केला. लढाई अर्ध्या तासाच्या आत संपली. किमान 22 कामगार मेले, काही सैनिकही मेले. पुढारी पीटर लेलर याच्या हाताला गोळी लागली. त्याला लपवून ठेवले, हात कापावा लागला, आणि त्या वेळी डॉक्टरांच्या मदतीला अनास्तासिया होती. नवरा कैदेत, अंगावर पिणारे मूल, आणि ही बाई रक्ताने भरलेल्या खोलीत उभी. टिमोथीवर राजद्रोहाचा खटला चालला, तो निर्दोष सुटला. पण पुढे तो कुटुंब सोडून निघून गेला. मुलांना वाढवले ते अनास्तासियाने, शिक्षिकेच्या पगारावर. त्या पगारासाठीही तिला चर्चच्या अधिकाऱ्यांशी भांडावे लागले. तिचे मागणे एवढेच होते, की केलेल्या कामाचे पैसे द्या. विनाअनुदानित शाळेत दहा वर्षे काढलेल्या आम्हा दोघांना ते भांडण समजावून सांगायला कुणाची गरज नव्हती.

त्याच दिवसांत ‘बॅलारॅट टाइम्स’ या वर्तमानपत्राच्या संपादकाला, हेन्री सीकॅम्पला, सरकारविरुद्ध लिहिल्याबद्दल पकडले. वर्तमानपत्र बंद पडले नाही. त्याच्याबरोबर राहणाऱ्या क्लारा सीकॅम्पने 1855 च्या सुरुवातीला ते हाती घेतले आणि तितक्याच धारदारपणे चालवले. ऑस्ट्रेलियातली पहिली स्त्री संपादक म्हणून आज तिचे नाव घेतात.

पण आमच्या मनाला सर्वांत जास्त लागले ते एक नसलेले नाव. चार्ल्स इव्हान्स नावाच्या तरुणाने त्या दिवसांत रोजनिशी लिहिली होती. लढाईनंतर निघालेल्या प्रेतयात्रांत एका बाईची शवपेटीही होती, अशी नोंद त्याने केली आहे. सैनिक नवऱ्याला मारायला निघाले तेव्हा त्याच्या जिवाची भीक मागताना ती मारली गेली. तिचे नाव मात्र त्यात नाही. कब्रस्तानातल्या स्मारकावर पुरुषांची नावे कोरली आहेत; ही बाई कोण होती ते आजपर्यंत कुणालाही कळलेले नाही.

युरेका सेंटरच्या बाहेर गवतावर चादर अंथरून आम्ही जुहरची नमाज पढलो. धाकटीने घरून आणलेल्या चपात्या आणि खिमा खाल्ला. शेजारून जाणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने थांबून विचारपूस केली आणि इथे आमचा समाज किती जुना आहे, याची गोष्ट मेव्हण्यांकडून निघाली.

ती गोष्ट इथली नाही, देशाच्या दुसऱ्या टोकाची आहे. 1892 मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियात कूलगार्डी येथे सोने सापडले. वाळवंटच ते. पाण्याचा थेंब नाही. तिथे पाणी, धान्य, अवजारे पोहोचवली ती उंटांनी आणि उंट हाकणाऱ्या मुसलमानांनी. अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाब अशा ठिकाणांहून आलेल्या या सगळ्यांना तिकडे सरसकट ‘अफगाण’ म्हणत. त्यांनी कूलगार्डीत मशीद बांधली. पण त्यांच्या तांड्यात त्यांच्या घरच्या बायका नव्हत्या. काही वर्षांच्या करारावर एकटे यायचे, बायकामुलांना मागे ठेवायचे. 1901 च्या कायद्यानंतर तर कुटुंब आणणे जवळपास अशक्य झाले. काहींनी तिथल्या गोऱ्या किंवा मूळ रहिवासी स्त्रियांशी निकाह केले. चिनी खाणकामगारांचेही तेच. व्हिक्टोरियात हजारो चिनी पुरुष आले, चिनी बायका मात्र बोटांवर मोजण्याइतक्या. 1855 मध्ये सरकारने बंदरावर उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर 10 पौंडांचा कर बसवला, तेव्हा ते शेजारच्या वसाहतीत रोब या बंदरात उतरले आणि तिथून चारशेहून अधिक किलोमीटर चालत खाणींवर आले. त्यांच्या बायका तिकडे सासू-सासऱ्यांजवळ, पत्राची आणि पैशाची वाट बघत.

हे ऐकताना आम्हाला कोकणातली घरे आठवली. आमच्या गावात असे घर नाही, ज्यातला कुणी ना कुणी बोटीवर, आफ्रिकेत किंवा आखातात गेला नाही. अब्बासुद्धा कुवेतला 18 वर्षे होते. दोन वर्षांनी एकदा यायचे. बागेतली कलमे लावली, पाणी शेंदून वाढवली, विहिरीचे कर्ज फेडले ते आईने. सातबाऱ्यावर नाव अर्थातच अब्बांचे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ‘बॅलारॅट’ हे नावच इंग्रजी नाही. ही जमीन वाथाउरंग लोकांची. सोने शोधणारे आले तेव्हा त्यांची कुरणे गेली, ओढे गेले. त्याही स्थितीत वाथाउरंग लोक पॉसम या प्राण्याच्या कातडीची पांघरुणे शिवून तंबूतल्या माणसांना विकत. या थंडीत ती पांघरुणे अंगावर असलेल्या कितीतरी विलायती लेकरांचा जीव त्यामुळे वाचला असेल. बाहेरून आलेली बाई कष्टाळू होती, सोसणारी होती. पण जिथे तिने तंबू ठोकला तिथली बाई घरातून उठली होती, हे विसरून चालणार नाही.

रात्री बॅलारॅटलाच राहिलो. दुसऱ्या दिवशी परतताना मेव्हण्यांनी वाट वाकडी केली आणि कॅसलमेन नावाच्या गावी नेले. हेही सोन्याचे गाव. “इथे एक बाई आहे, आपा, तुला आवडेल,” धाकटी म्हणाली.

ती बाई म्हणजे फॅनी फिंच. जन्म लंडनचा, वंश आफ्रिकन. अनाथालयात वाढलेली. 1837 मध्ये ऑस्ट्रेलियात आली ती मोलकरीण म्हणून. नवऱ्यापासून वेगळी झाली, चार मुले पदरात. सोन्याची बातमी येताच खाणीवर गेली आणि खानावळ काढली. कॅसलमेनमध्ये तिचे खाण्याराहण्याचे घर नावाजलेले होते. धंदा तिच्या नावावर, म्हणून नगरपालिकेचा करही तीच भरायची. 22 जानेवारी 1856 ला गावात नगरपालिकेची निवडणूक झाली. नियमात लिहिले होते, की कर भरणाऱ्याला मत देता येईल. फॅनी गेली, मतपत्रिकेवर स्वतःची सही केली आणि मत दिले. मग अधिकाऱ्यांनी ते रद्द केले. बाईला मत नाही म्हणाले. ती 1863 मध्ये वारली. गावाबाहेरच्या कब्रस्तानात दीडशेहून अधिक वर्षे तिच्या नावाचा दगडही नव्हता, तो अलीकडे बसवला गेला. पण तिची ती सही केलेली मतपत्रिका जपून राहिली आहे. मत रद्द झाले, तरी सही पुसली गेली नाही.

गाडीत बसल्यावर धाकटीने आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली. तिथे पाळणाघरात नोकरी मिळवण्यासाठी तिने पुन्हा शिक्षण घेतले, कारण आपल्याकडची बी.एड. तिथे चालली नाही. त्या अभ्यासात हा भाग होता. म्हणाली, “फॅनी नवऱ्याबरोबर असती तर तिचा धंदा तिचा राहिलाच नसता, आपा. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात लग्न झालेल्या बाईची कमाई नवऱ्याची. चहाच्या दुकानातला पैसा, धुण्याचा पैसा, सगळा त्याचा. इथे तो कायदा बदलायला 1870 उजाडलं, आणि पुरता बदलला 1884 मध्ये.”

आम्ही चटकन म्हणालो, “आपल्याकडे तर हे चौदाशे वर्षांपूर्वीच मिळालं. बाईची कमाई बाईची, मेहर तिचा, वारसा तिचा. हजरत खदीजा (रजि.) यांचा व्यापार त्यांच्या स्वतःच्या मालकीचा होता.” वर्गात हे वाक्य आम्ही कितीदा अभिमानाने बोललो आहोत.

धाकटी गप्प राहिली. मग शांतपणे म्हणाली, “हो ना. मिळालं. मग तुझ्या बॅगेतल्या फाईलमध्ये काय आहे?”

भावाने तिला फोनवर आधीच सांगितले होते. आठ दिवस ती आमच्या बोलण्याची वाट पाहत होती, आणि आम्ही ती झोपण्याची.

गाडीत कुणी बोलेना. आम्हाला आमच्या सहीचा दिवस आठवला. भाऊ वाईट नाहीत. त्यांनी कधी वेडेवाकडे शब्द काढले नाहीत. “बहिणी कुठे हिस्सा घेतात, आपल्यात तशी पद्धत नाही,” एवढेच चुलते म्हणाले, आणि आम्ही पेन उचलले. आमचा हिस्सा किती, हेही विचारले नाही. माहेर तुटेल ही भीती होती. त्या भीतीला आम्ही ‘प्रेमाने सोडले’ असे नाव दिले. बी.एड. झालेली, मुलींना हक्क शिकवणारी माणसे आम्ही. आणि आमचे नाव सातबाऱ्यावर चढण्याआधीच आम्ही ते काढून दिले.

मेलबर्नला पोहोचल्यावर रात्री इशानंतर धाकटीने फाईल मागून घेतली. पूर्ण वाचली. आईचा आठवा हिस्सा, मग भावाला दोन वाटे आणि बहिणीला एक, असा हिशेब तिने भाचीच्या वहीच्या मागच्या पानावर मांडला. म्हणाली, “आपा, मला बाग नको असेल कदाचित. इथे बसून मी कलमांचं काय करणार? पण आधी माझा हिस्सा माझ्या नावावर येऊ दे. मग द्यायचा झाला तर मी माझ्या हाताने देईन. जे अजून हातात आलंच नाही, ते सोडून कसं द्यायचं? आणि आईचं नाव या कागदात कुठेच नाही, ते तू पाहिलंस का?”

आम्ही पाहिले नव्हते. तीन वेळा वाचूनही पाहिले नव्हते.

ज्या बाईने विहिरीचे पाणी शेंदले तिचे नाव कागदात नव्हते. त्या रोजनिशीतल्या बाईचे नाव दीडशे वर्षांत कुणाला सापडले नाही. आमच्या आईचे नाव तर आम्हाला माहीत होते, ते फक्त लिहायचे होते.

परत येताना फाईल आमच्याच बॅगेत होती, सहीविना. त्यात वहीचे ते पान घडी करून ठेवले होते. मुंबई विमानतळावर भाऊ घ्यायला आला होता. गाडीत बसल्यावर त्याने विचारले, “झालं का काम?”

आम्ही म्हणालो, “नाही झालं. आणि भाई, आमच्या सहीचंही पुन्हा बोलावं लागेल. उद्या आईसमोर बसू. सगळे बसू.”

तो काही बोलला नाही. पनवेल गेले, पेण गेले. वडखळला चहाला थांबलो तेव्हा त्याने नेहमीप्रमाणे आमचा चहा बिनसाखरेचा सांगितला, आणि कप हातात देताना म्हणाला, “बसू. पण हिशेब तूच मांड, आपा. मला तो येत नाही.”